आई-वडील किंवा सासू-सासरे

आमच्या ऑफिसात आई-वडिलांच्या विम्याचे फॉर्म गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बाकी कुणालाच ते नको होतं. मला माणसांचा चटकन राग येतो हे साहेबांना ठाऊक आहे, तरी त्यांनी ते मलाच दिलं. कदाचित म्हणूनच दिलं असेल. गोड बोलून फॉर्म भरून घेणाऱ्या दोघांनी आधीची दोन वर्षं प्रयत्न केला होता आणि दोघंही हात हलवत परत आले होते.

ऑफिस म्हणजे एका सरकारी महामंडळाचं कुंभकोणमचं विभागीय कार्यालय. आमचा स्वतःचा विमा पगारातून आपोआप कापला जातो, त्यात कुणाला विचारायचा प्रश्नच येत नाही. आई-वडिलांचा मात्र ऐच्छिक. अर्धा हप्ता महामंडळ भरतं, अर्धा आपण. वयाची अट नाही, तपासणी नाही, जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरतात. बाहेर अशी पॉलिसी दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. आणि आमच्याकडे भरलेले फॉर्म येत ते एका पातळ फाइलीत मावतील एवढे.

चेन्नईच्या मुख्यालयाला वाटायचं की लोकांना माहिती नाही. म्हणून ते पोस्टर पाठवत. पोस्टरवर एक म्हातारं जोडपं हसत उभं असायचं. मी ते जिन्यात लावलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यावर पानाच्या चुन्याचं बोट पुसून ठेवलं होतं.

माहिती सगळ्यांना होती. अडचणी वेगळ्याच होत्या, आणि एकीपेक्षा एक चीड आणणाऱ्या. पहिली म्हणजे मुदत आडी महिन्यात यायची. तमिळांचा आडी म्हणजे नवं काही सुरू करायचं नाही असा महिना. लग्न नाही, घर नाही, आणि आमच्या लोकांच्या मते विमाही नाही. ‘आडी संपू दे, मग सही करतो,’ असं प्रत्येक जण म्हणायचा, आणि आडी संपायच्या आधीच मुदत संपायची. मी विचारायची, आडीत पगार घेता ना? त्यावर ते हसायचे. माझं बोलणं ते विनोद म्हणून घेतात, हा माझ्यावरचा जुना अन्याय आहे.

दुसरी अडचण युनियनच्या पुढाऱ्याची. पूर्ण हप्ता महामंडळानं भरावा, तोवर कुणी सही करू नये, असं तो कँटीनमध्ये उभा राहून सांगायचा. स्वतःच्या आईचा फॉर्म त्यानं पहिल्याच दिवशी भरून माझ्याकडे दिला होता, घडी घालून, दुसऱ्या कागदात लपवून. मी तो त्याच्यासमोर उलगडून सगळ्यांत वर ठेवला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही आणि मला त्याचं फार बरं वाटतं.

पण खरी अडचण फॉर्ममधल्या एका ओळीत होती. आई-वडील किंवा सासू-सासरे, दोघांपैकी एकच जोडी. एकदा निवडली की बदलता येत नाही. त्या जोडीतलं कुणीच हयात राहिलं नाही तरच दुसरी घालता येते. हा नियम करणाऱ्या माणसाला बायको नसावी. पुरुष फॉर्म घरी घेऊन जात आणि दुसऱ्या दिवशी सुजलेल्या तोंडानं रिकाम्या हातानं येत. काही जण फॉर्म टेबलाच्या खणात ठेवून विसरल्याचं सोंग करत. बायकांचं तर विचारूच नका. आईचं नाव लिहिलं तर घरी राहायची सोय नाही, सासूचं लिहिलं तर माहेरी तोंड दाखवायची सोय नाही. मग कोरा फॉर्म हीच सगळ्यांत सुरक्षित जागा. कुणाचंच नाव नाही, म्हणून कुणाला राग नाही. दोन्हीकडची म्हातारी माणसं उघड्यावर, पण घरात शांतता.

माझ्या बाबतीत हे भांडण झालं नव्हतं, कारण माझं लग्न अत्त्याच्या मुलाशी झालं. अत्त्या म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी थोरली बहीण. आमच्या तंजावरच्या मराठी लोकांत अशी लग्नं पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, आणि नातं आधीचंच, अशा तीन गोष्टी जुळल्या की आमच्याकडे पत्रिका फारशी बघत नाहीत. योजना पहिल्यांदा आली तेव्हा सासरे वारले होते, माझी आई तर त्याच्या कितीतरी आधी गेली होती. राहिले माझे वडील आणि त्यांची बहीण. मी अप्पांना विचारलं. ते म्हणाले, “अक्काला घाल. ती थोरली.” मी अत्त्याचं नाव घातलं. अत्त्याचे दोन्ही डोळे आणि एक गुडघा त्या कार्डावर झाले. तिनं शेवटपर्यंत त्या कार्डाला हळदकुंकू लावलं, त्यामुळे त्याच्यावरचा नंबर कुठल्याच काउंटरवर धड वाचता यायचा नाही.

अप्पा पापनाशमला एकटे राहतात. तिथल्या एका खासगी शाळेत ते गणिताचे मास्तर होते, म्हणून पेन्शन नाही आणि सरकारी दवाखान्याचं कार्डही नाही. एकादशीला आणि गुरुवारी ते बसनं कुंभकोणमला येत, विठ्ठलाच्या मठात भजनाला बसत आणि दुपारी आमच्याकडे जेवत. चोवीस वर्षं जेवले. माझ्या हातची आमटी त्यांना पातळ वाटायची, तेही ते ताटावर बसून सांगायचे.

अत्त्या गेली आणि तेराव्यानंतर अप्पांनी आमच्याकडे जेवणं बंद केलं.

आधी मला कळलंच नाही. ते येत, ओसरीवर बसत, वर्तमानपत्र वाचत. ताट वाढलं म्हटलं की ‘जालं माझं’ म्हणत. मग समजलं की ते बसस्टँडसमोरच्या मेसमध्ये जेवून येतात. पाण्याची बाटलीसुद्धा स्वतःची आणू लागले. मी एक दिवस समोर उभी राहिले आणि विचारलं की हे काय चाललंय.

“बहीण होती तंवर ते बहिणीचं घर,” अप्पा म्हणाले. “आतां ते लेकीचं. लेकीच्या घरचं खाऊं नये.”

तेच घर. तीच चूल, तीच मी, तीच पातळ आमटी. चोवीस वर्षं स्वयंपाक मी केला, आणि त्यांच्या हिशेबानं ते बहिणीकडे जेवत होते. माझे यजमान त्यांचे सख्खे भाचे. ते म्हणाले, “मामा, मग भाच्याकडे जेवा.” अप्पांनी त्याचाही विचार करून ठेवला होता. “भाचा जावई जाला, मग भाचा राहिला कोठें?” यजमान हसले आणि दुकानाला निघून गेले. त्यांचं नाचियार्कोविलच्या पितळी समयांचं दुकान आहे, आणि घरात काही पेटलं की त्यांना नेमकी समयांना पॉलिश करायची आठवण होते.

मी हसले नाही. मला वडिलांचा इतका राग आला की पुढच्या गुरुवारी मी ऑफिसातून मुद्दाम उशिरा आले. ते आले आणि ओसरीवर बसून गेले. शेजारणीला म्हणाले, मुलीला फार काम आहे.

त्याच वर्षी आडी लागल्यावर ते कुंभकोणमच्या बसस्टँडवर पडले. चक्कर आली, दोन मिनिटं शुद्ध नव्हती. एका फुलवालीनं त्यांच्या फोनवरून मला बोलावलं. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून बघितली आणि सांगितलं की हृदयाचे ठोके फार हळू पडताहेत. औषधानं थोडे दिवस निघतील. पण आज ना उद्या पेसमेकर बसवावा लागेल, आणि नाही बसवला तर एक दिवस ते असेच पडतील आणि उठणार नाहीत. हे सांगताना डॉक्टर संगणकाकडे बघत होते. “विमा आहे ना?” त्यांनी विचारलं. अप्पा माझ्या आधी म्हणाले, “आहे. मुलाचा.”

माझा भाऊ माझ्याहून सात वर्षांनी धाकटा. चेन्नईत एका सरकारी कंपनीत इंजिनिअर. त्याच्या कंपनीतही अशीच योजना आहे आणि तिथेही तोच नियम, एकच जोडी. त्यानं अप्पांना घातलंय असं तो नोकरीला लागल्यापासून सांगत आला होता. मी कधी विचारलं नव्हतं, आणि हा माझा मूर्खपणा. जगभरच्या माणसांचे कागद तपासते, भावाचा कागद बघितला नाही.

त्या संध्याकाळी फोन केला आणि म्हटलं, कार्डाचा फोटो पाठव.

तो आधी म्हणाला, कार्ड ऑफिसात आहे. मग म्हणाला, नवीन कार्ड छापून यायचं आहे. मग गप्प झाला. मी पण गप्प बसले. गप्प बसलेल्या माणसाला लोक घाबरतात, हे मी नोकरीत शिकले.

“अक्का,” तो म्हणाला, “तिच्या आई-वडिलांना घातलंय मी. ते आमच्याजवळच राहतात. सासऱ्यांचं आठवड्याला तीनदा डायलिसिस असतं. दुसरं काय करणार होतो?”

खरं सांगायचं तर दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. डायलिसिसवरचा माणूस घरात असताना मीही तेच केलं असतं. मी त्याला तसं म्हटलं नाही. मी म्हटलं, “मग अप्पांना खोटं का सांगितलंस?”

“त्यांनी विचारलं तेव्हा तोंडातून हो निघून गेलं. मग परत नाही कसं म्हणू?”

वर्षानुवर्षं त्याला नाही म्हणायला सवड मिळाली नव्हती. मी त्याला बरंच काही बोलले, त्यातलं निम्मं इथे लिहिण्यासारखं नाही. अत्त्या गेल्यामुळे माझ्या फॉर्मवरची जोडी रिकामी झाली होती. आता मी अप्पांना घालू शकत होते. फक्त दोन कागद हवे होते. एक भावाचं पत्र, की मी वडिलांचा समावेश केलेला नाही. दुसरं, खुद्द वडिलांनी स्वतःच्या अक्षरात लिहून सही केलेलं निवेदन, की माझ्या अन्य कोणत्याही अपत्याने मला विम्यात घेतलेलं नाही. एका माणसावर दोन मुलांनी सवलत घेऊ नये म्हणून हा बंदोबस्त. भावानं त्याचं पत्र अर्ध्या तासात पाठवलं. खाली लिहिलं होतं, ‘अप्पांना सांगू नकोस.’

मुदत संपायला नऊ दिवस होते. रविवारी मी फॉर्म घेऊन पापनाशमला गेले.

अप्पांनी चष्मा पुसला आणि फॉर्म वाचला. ते काहीही वाचतात ते उत्तरपत्रिका तपासल्यासारखं, बोट फिरवत, दोन्ही बाजू. एका जागी त्यांचं बोट थांबलं. मी मनाशी ठरवून गेले होते की त्यांनी विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर नुसती सही घ्यायची. बोट पुढे सरकलं. मग त्यांनी फॉर्मची घडी घातली आणि माझ्या हातात दिला.

“लेकीचं घेऊं नये,” ते म्हणाले. “आणि मज मुलाचं आहे की.”

मी म्हटलं, दोन असली तर बिघडलं कुठे. हे मी म्हटलं, जिनं त्या महिन्यात दोन कार्डं मागणाऱ्या एका ड्रायव्हरला ऑफिसात सगळ्यांदेखत झापलं होतं. ते म्हणाले, एक पुरे. मी म्हटलं, हे जेवण नाही, हा सरकारचा कागद आहे, ह्यात माझ्या घरचं मीठसुद्धा नाही. ते म्हणाले, हप्ता तुझ्या पगारातून जाईल न्हवं? मी म्हटलं, अर्धा महामंडळाचा आहे, तुम्ही फक्त तेवढा अर्धा भाग आजारी पडा. एरवी ते ह्यावर हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत.

मग मी आवाज चढवला. म्हटलं, बसस्टँडवर तुम्ही पडलात, धावत कोण आलं? तुमची औषधं कोण आणतं? मुलाच्या विम्याचं कार्ड तुम्ही डोळ्यांनी बघितलंय का कधी? हे शेवटचं बोलून मी जीभ चावली.

अप्पांनी खिडकीबाहेर बघितलं. “तो कामांत असतो,” ते म्हणाले. “तूं आता जा. चारची गाडी चुकेल.”

माझी चारची गाडी चुकली, कारण मी स्टेशनवर जाऊन बाकावर बसून राहिले आणि ती समोरून निघून गेली. डोक्यात एकच होतं. म्हातारा एका वेडगळ सोवळ्यापायी मरणार, आणि लोक मला विचारतील की तुम्ही ह्याच विभागात ना?

त्या आठवड्यात मी ऑफिसात कुणाला सोडलं नाही. तीन फॉर्म परत केले, कारण म्हाताऱ्यांच्या सह्या त्यांच्या मुलांनी केल्या होत्या आणि ते आंधळ्यालाही दिसत होतं. एकाला म्हटलं, तुझ्या आईला लिहिता येत नाही तर अंगठा आण, तिच्या नावानं असली वळणदार सही आणू नकोस. तो म्हणाला, आई इन्नंबूरला असते, एका अंगठ्यासाठी रजा टाकून जाऊ का. मी म्हटलं, जा. तो गेला आणि अंगठा घेऊन आला. मला अशी माणसं आवडतात, पण मी त्याला तसं सांगितलं नाही.

शेवटचा दिवस नेमका अष्टमीचा निघाला. इकडे अष्टमीही अशुभ धरतात, त्यामुळे आडीतली अष्टमी म्हणजे सही टाळणाऱ्यांना मेजवानीच. दुपारपर्यंत माझ्या टेबलाकडे कुणी फिरकलं नाही. साहेब दोनदा येऊन आकडा विचारून गेले आणि दोनदा उसासा टाकून गेले. यजमानांचा फोन आला, मामांचं काय झालं. मी म्हटलं, तुमच्या मामांना मरायचं आहे, मरू द्या. त्यांनी फोन ठेवला नाही. मग म्हणाले, “तुला हवं ते कर. मी विचारणार नाही.” आमच्या यजमानांनी संसारात घेतलेली सगळ्यांत ठाम भूमिका ती.

पाच वाजता फाइल बंद करून स्कॅन करायची होती. साडेचारला मी अप्पांचा फॉर्म काढला. त्यांचं अक्षर मला पाठ आहे. लहानपणी माझ्या प्रगतिपुस्तकावर ते सही करत ती मी वहीच्या मागच्या पानावर गिरवायची, कारण मला ती फार सुंदर वाटायची. मी लिहिलं, माझ्या अन्य कोणत्याही अपत्याने, म्हणजे माझ्या मुलाने, मला त्याच्या विम्यात घेतलेले नाही. ‘म्हणजे माझ्या मुलाने’ हे फॉर्ममध्ये मागितलेलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं. खाली सही केली. मग तपासणाऱ्याच्या चौकोनात माझी सही केली, ह्या वेळी खरी.

ते वाक्य लिहिताना मला बरं वाटलं. इतकी वर्षं मनात होतं ते अप्पांच्या सुंदर अक्षरात उतरलं, आणि ते मुख्यालयात कायमचं राहणार, ह्याचा मला आनंद झाला. चांगल्या माणसाला असा आनंद होत नाही, हेही मला तेव्हाच कळलं.

कार्ड आलं ते मी पर्समध्ये ठेवलं. अप्पांना सांगितलं नाही. ते गुरुवारी येत, ओसरीवर बसत, आणि मी त्यांच्याकडे बघत बसायची की श्वास कसा चाललाय. शेजारीपाजारी कुणी विचारलं तर ते सांगत, मुलानं सगळी सोय केलीय. मला वाटायचं, बोला, बोलून घ्या.

नवरात्रात ते पुन्हा पडले, ह्या वेळी पापनाशमला, घरातच. घरमालकानं रिक्षात घातलं. आम्ही त्यांना तंजावरच्या एका खासगी इस्पितळात नेलं. पेसमेकर उद्याच, असं डॉक्टर म्हणाले. मी काउंटरवर कार्ड ठेवलं. काउंटरवरच्या मुलीनं ते उलटसुलट करून बघितलं आणि तमिळमध्ये विचारलं, मुलगी की सून?

“मुलगी,” मी म्हटलं.

अप्पा माझ्यामागे चाकांच्या खुर्चीत होते. त्यांनी मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला सुरुवात केली. त्यांना ऐकू चांगलं येतं.

पेसमेकर बसला. ठोके ठीक पडू लागले, तोंडावर रंग आला. तिसऱ्या दिवशी ते उशीला टेकून बसले होते, मी त्यांना इडली भरवत होते, कारण डावा हात वर उचलायचा नव्हता. माझा फोन वाजला. भाऊ होता. त्याला सुट्टी मिळत नव्हती, शनिवारी येतो म्हणाला. माझे हात चटणीचे होते, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून उशीवर ठेवला.

“अप्पा, बरं वाटतंय?”

“फार बरं,” अप्पा म्हणाले. “तुझ्या कार्डानं सारं जालं बघ. एक पैसा मागितला नाहीं कोणी. तूं केलंस म्हणून जालं.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते फोनकडे बघत होते.

“त्यात काय अप्पा,” भाऊ म्हणाला. “माझं कामच ते.”

मग त्यानं औषधं वेळेवर घ्या म्हणून सांगितलं, आणि मला म्हणाला, अक्का, नीट बघ त्यांच्याकडे. मी चटणीच्या बोटानंच फोन बंद केला.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटलं.

“फॉर्म वाचिला न्हवं मी,” अप्पा म्हणाले. “तिथं लिहिलं होतं, मुलानं घेतलं नाहीं असं मी लिहून द्यायचं. तूं असला कागद आणतीस म्हणजे ते खरं असणार. आणि त्याला मी फोनवर विचारलं की तो हो म्हणायचा. कसा म्हणायचा ते मज कळत होतं. तीस वर्षं पोरांना विचारत आलों, गणितं केलीं कां.”

“मग हे लेकीचं घेऊ नये, ते?”

“ते आहेच. पण ते त्या दिवशी कामास आलं.” त्यांनी उजव्या हातानं पांघरूण सारखं केलं. “मी सही केली असती तर ते लेखी जालं असतं. बापानंच लिहून दिलं असतं की मुलानं टाकलं. मग तो माझ्यापुढं कसा येणार होता? आतां शनिवारी येतो म्हणतोय.”

मी इडलीचा पुढचा घास मोडून त्यांच्या तोंडाशी धरला.

“सही कोणी केली?”

“मी.”

“बरी जमली?”

“तपासणारी मीच होते.”

त्यांना हसू आलं, पण टाक्यांवर ताण आला म्हणून त्यांनी ते आवरलं. मला हसू आलं नाही. मी म्हटलं की तो आता खोटं बोलला, तुमच्या देखत, माझ्या देखत, आणि तुम्ही त्याला ते बोलायला जागा करून दिलीत. ऑफिसात शिव्या मी खाल्ल्या, लबाडी मी केली, रजा मी टाकली, आणि नाव त्याचं. तो निदान गप्प तरी बसला असता. मी हे सगळं हळू आवाजात बोलले, कारण शेजारच्या खाटेवर माणूस झोपला होता.

अप्पांनी ऐकून घेतलं. ते नेहमीच ऐकून घेतात.

“तुज राग आला,” ते म्हणाले. “येऊं दे. तो तसाच आहे, त्याला कोणी चांगलं म्हटलं तर तो दोन दिवस चांगला वागतो. त्याला म्हणावं लागतं.”

“आणि मला?” मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक लागला. “मला कधी म्हणावंसं वाटत नाही तुम्हाला?”

अप्पांना खरोखर आश्चर्य वाटलं. त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. वर्गातल्या हुशार मुलीनं काहीतरी अगदी सोपं विचारावं, तसं.

“तुज कशाला म्हणायचं?” ते म्हणाले. “तूं करतीसच की.”

मी ताटली उचलली आणि बाहेरच्या नळावर जाऊन धुतली. ती स्वच्छ होती तरी बराच वेळ धूत राहिले, कारण मला रागानं रडू येत होतं आणि ते कुणाला दिसू द्यायचं नव्हतं. माझ्याबद्दल आजवर कुणी काढलेले ते सगळ्यांत क्रूर शब्द होते. आणि अप्पांना वाटत होतं की त्यांनी माझं कौतुक केलं.